‘रणगाडे देऊन टाका’ म्हणणाऱ्यांना

ऑक्टोबर २०२४ मध्ये रियाधला भरलेल्या गुंतवणूकदारांच्या परिषदेत गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनी अमेरिकेच्या लष्कराला जाहीर सल्ला दिला. अमेरिकेचे हजारो रणगाडे कुठेतरी साठवून ठेवल्याचं आपल्या वाचनात आलं. ते देऊन टाका आणि त्याऐवजी ड्रोन घ्या, असा त्याचा आशय होता. आधाराला त्यांनी युक्रेनचं युद्ध घेतलं. काही हजार डॉलरचा ड्रोन काही दशलक्ष डॉलरचा रणगाडा नष्ट करतो, मग रणगाडा हवाच कशाला? श्मिट स्वतः लष्करी ड्रोनच्या उद्योगात उतरले आहेत, एवढं नोंदवून मी पुढे जातो, कारण हे म्हणणं आता त्यांच्या एकट्याचं राहिलेलं नाही. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या चर्चांत आणि वर्तमानपत्रांतल्या स्तंभांतही तेच गणित मांडलं जातं. एकीकडे ड्रोनची किंमत लिहायची, दुसरीकडे रणगाड्याची, आणि भागाकार करून मोकळं व्हायचं.

हा भागाकार चुकीचा आहे. त्यावर संरक्षणखरेदी आखली तर त्याची किंमत खंदकात बसलेला माणूस मोजेल. म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू, आणि ते थोडं नाही. लंडनच्या रुसी या संरक्षण अभ्यास संस्थेचे जॅक वॉटलिंग आणि निक रेनॉल्ड्स युद्धाच्या सुरुवातीपासून युक्रेनमध्ये जाऊन अभ्यास करत आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या त्यांच्या अहवालानुसार रशियाच्या नुकसान झालेल्या वा नष्ट झालेल्या लष्करी सामग्रीपैकी ६० ते ७० टक्के नुकसान छोट्या ड्रोनमुळे होत होतं. अमेरिकेने दिलेल्या ३१ अब्राम्स रणगाड्यांपैकी उरलेले युक्रेनला २०२४ च्या एप्रिलमध्ये ड्रोनच्या धोक्यापायी आघाडीवरून मागे घ्यावे लागले. रणगाड्याने उघड्या मैदानात बिनधास्त धावावं, असे दिवस आता राहिलेले नाहीत. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण त्याच अहवालात दुसरा एक आकडा आहे आणि तो चर्चांमध्ये कोणी वाचून दाखवत नाही. युक्रेनचे ६० ते ८० टक्के एफपीव्ही ड्रोन, म्हणजे चालक कॅमेऱ्याच्या चित्रावर चालवतो ते, लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आघाडीचा भाग कोणता आणि चालवणाऱ्याचा हात किती तयार आहे, यावर प्रमाण खालीवर होतं. जे पोहोचतात आणि चिलखती वाहनावर आदळतात, त्यांतल्याही बहुतेकांकडून ते वाहन पुरतं नष्ट होत नाही. चित्रफितींत आपण पाहतो तो पोहोचलेला ड्रोन. दहांपैकी वाटेत कुठल्याशा शेतात पडलेल्या सहा ते आठांची चित्रफीत कोणी प्रसारित करत नाही. नुसत्या दिसलेल्या यशावर सरासरी काढली, तर उत्तर चुकणारच.

हे काही आजचं नाही. युद्धाच्या पहिल्या पाच महिन्यांत युक्रेनने वापरलेल्या ड्रोनपैकी सुमारे ९० टक्के नष्ट झाले, असं रुसीने नोव्हेंबर २०२२ मध्येच लिहिलं होतं. क्वाडकॉप्टरचं सरासरी आयुष्य तीन उड्डाणं, पंखवाल्या ड्रोनचं सहा. मे २०२३ पर्यंत युक्रेन महिन्याला साधारण १०,००० ड्रोन गमावत होता. त्यांतले गोळी लागून पडणारे तुलनेने कमी. बहुतेकांचा घात हवेत न दिसणाऱ्या गोष्टीने केला, आणि या भागाकारात तिचीच जागा रिकामी आहे.

ड्रोन म्हणजे चार पंखे, बॅटरी, कॅमेरा आणि खाली बांधलेला स्फोटक गोळा, एवढंच चित्र डोळ्यांसमोर असेल तर त्याची किंमत चारपाचशे डॉलर ही खरीच आहे. पण लढतो तो रेडिओचा दुवा. चालकाच्या हातातून निघालेली आज्ञा एका फ्रिक्वेन्सीवर ड्रोनकडे जाते, ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर चालकाच्या चष्म्यात परत येतं. पुष्कळ ड्रोनना याखेरीज उपग्रहांकडून स्वतःची जागा समजावी लागते. या तिन्हींपैकी एक धागा तुटला तरी चारशे डॉलरची ती वस्तू आंधळी, बहिरी किंवा वाट चुकलेली होते. जॅमर नेमकं हेच करतो. जत्रेत भोंग्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला लांबून मारलेली हाक ऐकू येत नाही, तसं ड्रोनचं होतं. जॅमर लक्ष्याजवळ असतो आणि ड्रोन तिकडेच जात असतो. चालक मात्र पाच-दहा किलोमीटर मागे राहतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात, जिथे नेम महत्त्वाचा, तिथेच चालकाचा आवाज सर्वांत क्षीण आणि शत्रूचा सर्वांत मोठा. त्यात ड्रोन जमिनीलगत उतरला की मध्ये झाडी, उंचवटे, घरं येतात आणि चित्र जातं. ते जाऊ नये म्हणून वर उंचावर आणखी एक ड्रोन संदेश पुढे ढकलण्यासाठी ठेवावा लागतो. लक्ष्य शोधायला तिसरा लागतो. जमिनीखाली तीन-चार माणसांचं पथक, त्यांचं वाहन, जनरेटर, स्टारलिंकची तबकडी आणि दूरवर केबल टाकून उभारलेला अँटेना. हे सगळं जमेस धरल्यावर ‘पाचशे डॉलरचा ड्रोन’ हे शब्द मला तरी प्रामाणिक वाटत नाहीत.

केबल दूरवर का टाकायची? कारण जो बोलतो तो सापडतो. अँटेनातून लहरी निघाल्या की त्या कुठून आल्या हे शोधता येतं, आणि काही वेळात तिथे तोफगोळा पडतो. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचे मंत्री मिखाइलो फेदोरोव यांनी चीनच्या डीजेआय कंपनीला जाहीर पत्र लिहिलं, त्यामागे हीच भीती होती. डीजेआयचे ड्रोन आणि त्यांचे चालक कुठे आहेत हे दाखवणारं कंपनीचंच उपकरण रशियाच्या हाती होतं. जॅमरचंही तसंच. तो चालू केला की शत्रूच्या नकाशावर दिवा लागतो, आणि त्याच्या आवाजात स्वतःच्या तुकडीचे ड्रोन आणि वॉकीटॉकीही बंद पडतात. शेजारच्या दोन बटालियननी आपापसांत वेळ आणि फ्रिक्वेन्सी ठरवून घेतली नसेल, तर एकीचा जॅमर दुसरीचे ड्रोन पाडतो. युक्रेनमध्ये हे वारंवार घडलं आहे. ड्रोनच्या ताफ्याबरोबर हा समन्वय विकत मिळत नाही.

मग फ्रिक्वेन्सी बदलायची. युक्रेनमध्ये तेच झालं. सुरुवातीचे ड्रोन आज्ञांसाठी ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि चित्रासाठी ५.८ गिगाहर्ट्झवर चालत, कारण हौशी ड्रोनवाल्यांच्या बाजारात तेच भाग मिळत. त्या पट्ट्यांसाठी जॅमर बनले. ड्रोन खाली-वर सरकले, जॅमर मागोमाग सरकले. सैनिकांच्या खिशात ड्रोनची चाहूल लागताच वाजणारं ‘त्सुकोरोक’, म्हणजे साखरेचा खडा, नावाचं छोटं यंत्र आलं. शत्रूच्या ड्रोनचं चित्र मध्येच पकडून दाखवणारी उपकरणं आली, म्हणजे समोरचा आपल्याला कुठून पाहतो आहे हे आपल्यालाच दिसू लागलं. या चढाओढीत एखादी युक्ती काही आठवडे चालते, नशीब असेल तर काही महिने.

महागड्या शस्त्रांनाही यातून सुटका नाही. उपग्रहाच्या आधारे नेम धरणारा एक्सकॅलिबर हा अमेरिकी तोफगोळा एकेक सुमारे एक लाख डॉलरचा. हडसन इन्स्टिट्यूटचे डॅनियल पॅट यांनी मार्च २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर लेखी मांडलं की, युक्रेनमध्ये आला तेव्हा त्याची परिणामकारकता ७० टक्के होती आणि रशियाने आपली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जुळवून घेतल्यावर सहा आठवड्यांत ती सहा टक्क्यांवर आली. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून प्रक्षेपण करतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्या लहरी इतक्या दुबळ्या होतात की ट्रकवरचा जॅमर त्यांना सहज बुडवतो. एस्टोनियातल्या तार्तू विमानतळावर उतरणं अवघड झालं म्हणून फिनएअरने एप्रिल २०२४ च्या अखेरीस तिथली सेवा महिनाभर थांबवली, तीही याच कारणाने. आपल्याकडे केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा येण्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. प्रवासी विमानाला जिथे आपली जागा नीट कळत नाही, तिथे उडणाऱ्या ड्रोनला ती कळेल हे गृहीत धरता येणार नाही.

आता कुर्स्ककडे येऊ. ‘ड्रोन आले, बाकी सगळं संपलं’ म्हणणाऱ्यांनी या एका प्रांतातले सात महिने नीट पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

६ ऑगस्ट २०२४ ला युक्रेनचं सैन्य सीमा ओलांडून रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरलं. आघाडी दीड वर्ष जवळपास थिजलेली होती, जो हलेल तो ड्रोनला दिसेल आणि मरेल असं सगळे मानत होते. तरीही काही दिवसांत शेकडो चौरस किलोमीटर प्रदेश आणि सुजा हे गाव युक्रेनच्या हाती आलं. हे एकट्या ड्रोनने केलं नाही. युक्रेनच्या इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या तुकड्या पुढे सरकल्या. आपल्या ड्रोनच्या फ्रिक्वेन्सी मोकळ्या ठेवून त्यांनी रशियाच्या टेहळणी ड्रोनचे आणि संदेशवहनाचे दुवे बुजवले. त्या अंधारात चिलखती वाहनं आणि पायदळ वेगाने पुढे गेलं. जुनी म्हणून भंगारात काढायला निघालेली तीच वाहनं. समोरचा आंधळा असेपर्यंत ती उपयोगाची होती, आणि त्याला आंधळं कसं करायचं हे कुणाला तरी ठाऊक होतं.

पुढचा अध्याय उलटा आहे आणि जॅमरवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही तो तितकाच झोंबावा. रशियाने कुर्स्कमध्ये प्रकाशतंतूवर चालणारे ड्रोन मोठ्या संख्येने उतरवले. या ड्रोनच्या पोटाशी रीळ असतं, उडताना केसासारखी बारीक काच-तार मागे सुटत जाते, आणि आज्ञा व चित्र दोन्ही त्या तारेतून जातं. रेडिओच नाही, म्हणून बुजवायला काही नाही. खिशातलं यंत्र वाजत नाही. झाडाआड गेलं तरी चित्र शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ. रिळाचं वजन असतं, त्यामुळे स्फोटकं कमी नेता येतात, वेग कमी होतो, तार अडकते, तुटते. हे तोटे खरेच. पण असा ड्रोन रस्त्याकडेला गवतात उतरवून वाट पाहत बसवता येतो. युक्रेनच्या कुर्स्कमधल्या फौजेचा बहुतेक सगळा पुरवठा युनाकिव्का ते सुजा या एका रस्त्यावर होता. रशियाच्या ‘रुबिकॉन’ या खास ड्रोन पथकाने तो रस्ता आणि युक्रेनचे ड्रोनचालक हीच लक्ष्यं धरली. रणगाड्यांच्या मागे लागण्यापेक्षा भाकरी, दारूगोळा आणि जखमी वाहणाऱ्या साध्या गाड्या जाळणं त्यांना अधिक फायद्याचं वाटलं. मार्च २०२५ मध्ये युक्रेनला सुजा सोडावं लागलं. वाहनांच्या टपावर बसवलेले जॅमर तेव्हाही चालू होते, पण ते ज्या लहरींसाठी बनवले होते त्या लहरी हे ड्रोन वापरतच नव्हते.

सहा-सात महिन्यांत एकाच मातीवर खेळ असा पालटला. ऑगस्टमधली खरेदी मार्चमध्ये निकामी. याचा साधा अर्थ असा की ड्रोनचा साठा ही ठेव नाही. रणगाडा तीस वर्षं गोदामात राहिला तरी दुरुस्त करून चालवता येतो, रशिया सोव्हिएत काळातले टी-६२ काढून वापरतो आहेच. दोन वर्षं गोदामात पडलेल्या ड्रोनचा रेडिओ आघाडीवर पोहोचेल त्या दिवशी बहुधा मेलेला असेल. म्हणून रणगाडे देऊन टाका आणि ड्रोनची गोदामं भरा, हा सल्ला ज्या तर्कावर उभा आहे त्याच तर्काने कोसळतो.

इथे कोणी १ जून २०२५ च्या ‘स्पायडरवेब’ मोहिमेचा दाखला देईल. युक्रेनने ११७ छोटे ड्रोन ट्रकमधून रशियाच्या पोटात नेले आणि हवाईतळांवर उभी असलेली बॉम्बफेकी विमानं जाळली. अद्भुत मोहीम होती, यात शंका नाही. पण तिच्या तयारीला दीड वर्षाहून अधिक काळ लागला, माणसं शत्रूच्या देशात राहून काम करत होती, आणि ड्रोन चालवले गेले रशियाच्याच मोबाइल जाळ्यावरून. त्या तळांजवळ ते जाळं त्या वेळी कोणी बुजवलेलं नव्हतं. त्या सगळ्या खटाटोपात ड्रोनची किंमत ही सर्वांत क्षुल्लक बाब होती. तीच मोहीम पुन्हा तशीच करता येणार नाही, हे ती करणाऱ्यांनाही माहीत आहे.

आणि जे म्हणतात की कृत्रिम बुद्धिमत्ता आली की दुव्याची गरजच उरणार नाही, त्यांना एवढंच सांगायचं: शेवटच्या काही शे मीटरवर कॅमेऱ्याने स्वतः लक्ष्य धरून ठेवणं आज जमतं, त्याचा उपयोगही होतो. पण तिथवर कोणीतरी न्यावं लागतं, काय मारायचं हे कोणीतरी ठरवावं लागतं. जाळ्या, धूर आणि फसवे पुतळे यांनी कॅमेराही चकतो. रेडिओच्या जागी चढाओढीचं दुसरं मैदान येईल, चढाओढ संपणार नाही. १५ एप्रिल १९०४ ला पोर्ट आर्थरवर मारा करणाऱ्या जपानी युद्धनौकांना नेम सांगणारे बिनतारी संदेश रशियन ऑपरेटरांनी बुजवले होते. तेव्हापासून गेली सव्वाशे वर्षं हेच चालू आहे.

स्वस्ताईच्या या कौतुकाने मला सर्वांत जास्त त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने. खेरसोन शहरात नदीपलीकडून रशियाचे छोटे ड्रोन येतात. सायकलवरचा माणूस, बसथांब्यावरची बाई, रुग्णवाहिका, असं ज्याला दिसेल त्याला गाठतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये जाहीर केलं की जुलै २०२४ पासून खेरसोन परिसरात असे सुमारे दीडशे नागरिक मारले गेले, आणि या हत्या मानवतेविरुद्धचे गुन्हे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये युक्रेनमधल्या नागरिकांना मारण्यात आणि जखमी करण्यात कमी पल्ल्याचे ड्रोन इतर सगळ्या शस्त्रांच्या पुढे होते, असं संयुक्त राष्ट्रांच्याच मानवाधिकार निरीक्षकांनी नोंदवलं. शस्त्र स्वस्त झालं तेव्हा एकट्या म्हाताऱ्या माणसावर ते वाया घालवणंही परवडू लागलं. पाचशे विरुद्ध पन्नास लाखांचा भागाकार मांडणाऱ्यांनी हा भागाकारही मांडून दाखवावा. खेरसोनमध्ये रस्त्यांवर जाळ्या ताणल्या आहेत आणि जॅमर बसवले आहेत. तिथे इलेक्ट्रॉनिक युद्ध हा दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचण्याचा प्रश्न आहे.

आता आपलं. ८ आणि ९ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं भारत सरकारने सांगितलं. हवाई संरक्षणाची चाचपणी करणं आणि माहिती काढणं हा त्यामागचा हेतू असावा, असंही सरकारनेच म्हटलं. ते ड्रोन काही जॅमरनी निकामी केले, काही तोफांनी पाडले. त्या तोफांत एल-७० होत्या, ज्यांचा मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. नवं रडार आणि नवं संदेशजाळं जोडल्यावर त्या जुन्या तोफा कामी आल्या. ज्यांना त्या रात्रीतून ‘जुनं सगळं फेका’ असा धडा मिळाला, त्यांनी ती रात्र नीट पाहिलेली नाही.

आपल्या देशात ड्रोन बनू लागले याचा मला मनापासून आनंद आहे. नागपुरात बनलेल्या नागास्त्र-१ या आत्मघाती ड्रोनची १२० नगांची पहिली खेप जून २०२४ मध्ये लष्कराला मिळाली. माझा आक्षेप कारखान्यावर नाही, खरेदीच्या पद्धतीवर आहे. आपल्याकडे गरज ठरवण्यापासून माल हाती येईपर्यंत वर्षं जातात. निविदेत फ्रिक्वेन्सी, पल्ला, वजन एकदा लिहिलं की ते दगडावरची रेघ, आणि पुरवठा होईपर्यंत समोरच्याने रेडिओ तीनदा बदललेला असतो. २०२५ च्या सुरुवातीला चिनी सुटे भाग सापडल्यामुळे लष्कराने ४०० ड्रोनचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या. रद्द केले ते योग्यच झालं. पण मोटरी, चुंबकं, कॅमेऱ्याचे सेन्सर, बॅटरीचे सेल आणि प्रकाशतंतू कुठून येणार, हा प्रश्न करार रद्द करून सुटत नाही. ज्या देशाशी आपला सीमावाद आहे त्याच देशाच्या बाजारावर दुव्याचं आयुष्य अवलंबून असेल, तर ड्रोनची संख्या कितीही सांगा.

युक्रेनने शिकलेली गोष्ट वेगळी आहे आणि ती महागडीही नाही. तिथे ब्रेव्ह-वन या सरकारी व्यासपीठावरून २०२५ पासून आघाडीवरच्या तुकड्या थेट निर्मात्यांकडून ड्रोन आणि जॅमर मागवतात. कोणाचा माल चालला, कोणाचा पडला, हे त्याच आठवड्यात कार्यशाळेपर्यंत पोहोचतं. अनेक तुकड्यांच्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत. तिथे आलेल्या ड्रोनचा रेडिओ आणि अँटेना बदलूनच तो पुढे जातो. या देशाने तोफा मागणं कधी थांबवलं नाही, चिलखती वाहनं मागणंही थांबवलं नाही. ड्रोनच्या बळावर सर्वाधिक लढलेल्या सैन्याची मागणीपत्रं श्मिट यांचा सल्ला खोडून काढतात.

महाराष्ट्रात देवळालीला तोफखान्याचं विद्यालय आहे, अहिल्यानगरला रणगाडा दलाचं केंद्र आणि केके रेंजचं मैदान आहे. ड्रोनसाठी निविदा काढण्याआधी अशा मैदानांवर शत्रूकडे असतील तितक्या ताकदीचे जॅमर लावावेत, जीपीएस बंद करावं, आणि चार महिने शिकलेल्या जवानाच्या हातून प्रत्येक उत्पादकाचे ड्रोन उडवावेत, कंपनीच्या तज्ज्ञाच्या हातून नव्हे. खासगी कंपनीला जॅमर बाळगायची मुभा आपल्या नियमांत नाही, म्हणून ही सोय लष्करानेच करून द्यायला हवी, आणि दर तीन महिन्यांनी नव्या फ्रिक्वेन्सींवर तीच परीक्षा पुन्हा घ्यायला हवी. शंभरांतले किती लक्ष्यावर पोहोचले, हा आकडा संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर ठेवावा. पोहोचलेल्या प्रत्येक ड्रोनमागे एकूण खर्च किती, हे त्यातून निघेल. मग रणगाड्याच्या किमतीशी तुलना करायला बसू.